एकच पट्टी, दोन आकुंचने: प्रकाशाने वाकणाऱ्या स्फटिकाच्या मॉडेलचे एक प्रकरण

अँथ्रासीन वर्गातल्या एका संयुगाचे चपटे, पट्टीसारखे स्फटिक. लांबी ६०० मायक्रोमीटर, रुंदी ३०, जाडी ४. एक टोक काचेला चिकटवलेले, दुसरे मोकळे. एका पट्टीवर ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीचा प्रकाश टाकला, तिच्याच बॅचमधल्या दुसरीवर ४०५ नॅनोमीटरचा. तीव्रता दोन्हीकडे दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट. दोन्ही पट्ट्या प्रकाशाकडे वाकल्या, सहा-आठ मिनिटांत कमाल वाकल्या आणि दिवा चालू असतानाच परत सरळ होऊ लागल्या.

पहिलीच्या कमाल वाकाची त्रिज्या सुमारे ४५० मायक्रोमीटर भरली, दुसरीची १,४००. द्विधातू पट्टीचे नेहमीचे सूत्र लावले तर पहिलीतून पदार्थाचे आकुंचन ०.६ टक्के येते आणि दुसरीतून ०.१९ टक्के. रेणू तोच, अभिक्रिया तीच, स्फटिकाची ठेवणही तीच. मग आकुंचनात तिप्पट फरक कुठून आला?

यातले आकडे गणित उलगडावे म्हणून ठरवून घेतलेले आहेत. त्यांचा आवाका अशा स्फटिकांना साजेसा आहे, पण कुठल्या एका पदार्थाची मोजमापे म्हणून ते वाचू नयेत.

आत काय घडते

९-मिथाइलअँथ्रासीनसारख्या संयुगात शेजारचे दोन रेणू एकमेकांसमोर पातळ वड्यांसारखे रचलेले असतात. प्रकाश शोषला की मधल्या कड्यांच्या ९ आणि १० या स्थानांवर दोघांत नवे बंध बनतात आणि जोडरेणू, म्हणजे डायमर, तयार होतो. घन अवस्थेतल्या अशा अभिक्रियांना रेणूंची मूळ मांडणीच वाट घालून देते. श्मिट यांनी १९६४ मध्ये दुहेरी बंधांसाठी सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमची जी अंतरमर्यादा सांगितली, तिच्यामागे हाच विचार होता.

मॉडेलसाठी यातल्या दोन गोष्टी लागतात. डायमरची जागा मूळ जोडीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे बदललेला भाग लांबीच्या दिशेने आखडतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. डायमरमध्ये तीन कड्यांची सलग साखळी तुटून सुटी बेन्झीन-कडी उरतात, आणि त्यांना ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे जो थर बदलतो तो पारदर्शक होतो आणि प्रकाश पुढच्या थरापर्यंत पोचतो. पट्टी वाकून पुन्हा सरळ होते ती याचमुळे. प्रकाशाकडची बाजू आधी आखडते, मागची नंतर, आणि शेवटी सगळीच सारखी आखडते.

द्विधातू सूत्र आणि त्यातले गृहीतक

टिमोशेन्को यांनी १९२५ मध्ये थर्मोस्टॅटच्या पट्टीसाठी केलेले विश्लेषण या क्षेत्रात सर्रास वापरतात. दोन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत आणि त्यांतल्या एकाला आखडायचे आहे, एवढीच त्यातली कल्पना. दोन्ही थरांचा यंग मापांक (पदार्थाचा कडकपणा सांगणारा आकडा) सारखा धरला, एकूण जाडी ज, बदललेल्या थराची जाडी थ आणि पूर्ण बदलानंतरचे आकुंचन आ मानले, तर

वक्रता = ६ × आ × थ × (ज − थ) ÷ ज³

थ अर्ध्या जाडीइतका झाला की वक्रता कमाल होते आणि तिचे मूल्य १.५ × आ ÷ ज येते. हेच उलटे फिरवून वरचे ०.६ आणि ०.१९ टक्के काढले आहेत.

पहिला संशय सहसा मापांकावर घेतला जातो: डायमरचा थर जास्त कडक असेल, म्हणून उत्तर चुकत असेल. तो संशय इथे फोल आहे. दोन समान जाडीच्या थरांपैकी एकाचा मापांक दुप्पट केला, तरी टिमोशेन्कोच्या पूर्ण सूत्रात वक्रता फक्त ३ टक्क्यांनी घटते. तिप्पट फरक त्यातून निघणे शक्य नाही.

खरी गोम 'थर' या शब्दात आहे. हे सूत्र धरून चालते की एका रेषेपर्यंत सगळे बदलले आहे आणि तिच्यापलीकडे काहीच बदललेले नाही. अशी तीक्ष्ण सीमा बनते की नाही हे प्रकाश किती खोल शिरतो यावर ठरते, आणि तिथे दोन तरंगलांबींची गत अगदी वेगळी आहे. ३६५ नॅनोमीटरला रेणू जोरदार शोषण करतो. घन स्फटिकात रेणूंची दाटी प्रचंड असल्यामुळे ०.१ मायक्रोमीटर आत जाईपर्यंतच प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो. ४०५ नॅनोमीटर ही शोषणपट्ट्याची शेपटी. तिथे तेवढाच प्रकाश उरायला २ मायक्रोमीटर जावे लागते. ४ मायक्रोमीटरच्या पट्टीतून सुरुवातीला या प्रकाशाचा साडेतेरा टक्के भाग मागच्या बाजूने सरळ बाहेर पडतो.

सीमेऐवजी उतार

दुरुस्त मॉडेलला दोन समीकरणे पुरतात. दर क्षणी दर खोलीवर रूपांतराचा वेग तिथल्या प्रकाशाच्या आणि तिथे उरलेल्या मूळ रेणूंच्या प्रमाणात असतो. आणि प्रकाश खोलीनुसार घटतो तो फक्त उरलेल्या मूळ रेणूंमुळे. ही जोडी कागदावर नेमकी सुटते. ख ही प्रकाशाकडच्या पृष्ठापासूनची खोली, श ही शोषण-खोली (जिथे प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो ती खोली), म ही प्रकाशाची मात्रा (पृष्ठावरच्या रेणूचा अभिक्रियेचा दर गुणिले वेळ) आणि घा(क) म्हणजे नैसर्गिक घातांकी फल, असे धरले तर

रूपांतर = (घा(म) − १) ÷ (घा(म) + घा(ख÷श) − १)

आता पट्टीवर बाहेरून बल नाही आणि आघूर्ण (वळवणारा जोर) नाही, या दोन अटी लावल्या की

वक्रता = (१२ × आ ÷ ज³) × [रूपांतर × (ज÷२ − ख) याची पृष्ठापासून तळापर्यंतची संकलित बेरीज]

रूपांतराच्या सूत्राकडे नीट पाहिले तर तो एक इंग्रजी एसच्या आकाराचा उतार आहे. मात्रा वाढत गेली की त्याचा आकार न बदलता तो तसाच आत सरकतो. त्यातून एक देखणा निष्कर्ष हाती येतो: अर्धे रूपांतर झालेली पातळी पट्टीच्या बरोबर मध्यावर आली की वक्रता कमाल होते, शोषण-खोली कितीही असो. त्यासाठी लागणारी मात्रा

कमाल वाकाची मात्रा = लॉग(१ + घा(ज ÷ २श)), इथे लॉग नैसर्गिक.

३६५ साठी ज÷श ४० आहे, म्हणून मात्रा २० येते. ४०५ साठी ज÷श २ आहे आणि मात्रा १.३१. कमाल क्षणी दोन्ही पट्ट्यांच्या आत डोकावले तर फरक उघड होतो. ३६५ ने उजळलेल्या पट्टीत पुढचा अर्धा भाग जवळजवळ पूर्ण बदललेला आणि मागचा अर्धा कोरा असतो. दोन-थरी सूत्र इथे एका टक्क्याच्या आत बरोबर ठरते. ४०५ च्या पट्टीत मात्र पुढचे पृष्ठ ७३ टक्के बदललेले आहे आणि मागचे पृष्ठही २७ टक्के. म्हणजे दोन बाजूंतला फरक फक्त ४६ टक्क्यांचा, तोही पूर्ण जाडीत पसरलेला. संकलन केले तर कमाल वक्रता ०.११९ × आ प्रति मायक्रोमीटर निघते. तीक्ष्ण सीमेसाठी ती ०.३७५ × आ असते. आ ०.६ टक्के घातले की त्रिज्या १,४०० मायक्रोमीटर. आकुंचन एकच आहे, ०.६ टक्के. ०.१९ टक्के हा पदार्थाचा गुणधर्म नव्हताच. प्रकाश किती पसरला याचे ते मोजमाप होते आणि ते आकुंचनाच्या खात्यात जमा झाले.

फोटॉनचा हिशोब

वेळेच्या बाबतीत एक गंमत आहे. शोषणाची ताकद वीसपट वेगळी असूनही दोन्ही पट्ट्या जवळपास एकाच वेळी कमाल वाकतात, ४०३ आणि ४७७ सेकंदांना. फोटॉन मोजून पाहिले की हे लगेच पटते.

१० मिलिवॅटमध्ये ३६५ नॅनोमीटरचे दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १.८४ × १०^१६ फोटॉन येतात. एका घन सेंटीमीटरमध्ये ३.७ × १०^२१ रेणू धरले, आणि शोषलेल्या दर दहा फोटॉनांमागे एक रेणू बदलतो असे धरले, तर बदलाची सीमा सेकंदाला ५ नॅनोमीटर सरकते. मध्यापर्यंतचे २ मायक्रोमीटर कापायला ४०० सेकंदांच्या आसपास लागणारच. शोषण दुप्पट तीव्र असते तरी हा वेग बदलला नसता, कारण येणारा प्रत्येक फोटॉन तसाही वापरला जातो. ४०५ ला थोडा उशीर होतो तो मागून निसटणाऱ्या प्रकाशामुळे.

कोणतेही फिटिंग सुरू करण्यापूर्वी हा हिशोब कागदावर करावा. मोजलेली कमाल वेळ, म्हणजे कमाल वाकाला लागलेली वेळ, यापेक्षा दहापट कमी आली, तर एकतर पॉवर-मीटरची जागा चुकलेली असते किंवा वाक रासायनिक नसून उष्णतेचा असतो. उष्णतेचा संशय मिटवणे सोपे आहे. ४ मायक्रोमीटर जाडी ओलांडायला उष्णतेला एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. दिवा बंद करताच कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये जेवढी वक्रता उडते तेवढी उष्णतेची, उरलेली रसायनाची.

शोषण-खोली ओळखण्याची खूण

शोषण-खोली वेगळी मोजणे अवघड असते. द्रावणातला शोषणांक घन स्फटिकाला जसाच्या तसा लागत नाही, कारण पट्टे सरकतात आणि ध्रुवित प्रकाशाच्या दिशेवर बरेच अवलंबून असते. मग फक्त वाकण्याच्या आलेखातून ती काढता येईल का?

सुरुवातीचा चढ आणि कमाल उंची यांचे गुणोत्तर घ्यावे असे वाटते, पण ते फार बोथट आहे. सुरुवातीची रेषा कमाल वेळेपर्यंत ओढली, तर प्रत्यक्ष कमाल वक्रता तिच्या ३६ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान येते, मग ज÷श काहीही असो. मोजणीतल्या गोंगाटात एवढा फरक हरवून जातो. आलेखाची कमालीनंतरची उतरती बाजू मात्र बोलकी असते. कमाल वेळेच्या बरोबर दुप्पट वेळी किती वक्रता उरली आहे ते पाहावे. अतिपातळ पट्टीत, म्हणजे ज÷श शून्याजवळ असताना, ७५ टक्के उरते. ज÷श २ असेल तर ६१. ४ ला ४७. १० ला २४. आणि ४० ला जेमतेम ७. आमच्या दोन पट्ट्यांत हाच आकडा ६१ विरुद्ध ७ असा स्वच्छ वेगळा येतो.

म्हणून प्रयोग कमाल वाकाशी थांबवू नये. नोंदी तिथेच संपवल्या, तर आकुंचन व शोषण-खोली एकमेकांत अडकून बसतात.

संगणकावर करताना

डायमर उष्णतेने परत तुटत असेल, किंवा उत्पादनही प्रकाश शोषत असेल, तर वरचे सोपे सूत्र लागू नाही; थर पाडून पायरी-पायरीने सोडवावे लागते. त्यात एक चूक हमखास होते. थराच्या वरच्या काठावरची तीव्रता संपूर्ण थराला लावली जाते. शोषण-खोली ०.१ मायक्रोमीटर असताना थर ०.४ चे घेतले, तर या चुकीने अभिक्रियेचा दर चौपट फुगतो आणि फोटॉन हवेतून पैदा होतात. उपाय असा: थरात शिरलेला प्रकाश वजा बाहेर पडलेला प्रकाश, एवढेच त्या थराचे शोषण मानावे आणि ते थरातल्या रेणूंत वाटावे. थराची जाडी शोषण-खोलीच्या दहाव्या भागाइतकी ठेवावी. ३६५ साठी म्हणजे ४०० थर, आजच्या कुठल्याही लॅपटॉपला किरकोळ. उरलेल्या रेणूंची संख्या पुढच्या क्षणाला नेताना वजाबाकी न करता घातांकी घट वापरावी, म्हणजे ती ऋण होत नाही. कोड लिहून झाल्यावर डायमर पारदर्शक आणि परतीची अभिक्रिया शून्य ठेवून एकदा चालवावा; वरच्या सूत्राशी तिसऱ्या अंकापर्यंत जुळला नाही तर पुढे जाऊ नये.

मोजताना कुठे घसरते

सूत्रात जाडी दोनदा येते, वक्रतेच्या छेदात आणि ज÷श मध्ये, आणि नेमकी तीच सर्वांत कच्ची मोजलेली असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आधी जाडी मोजून मग तीच पट्टी वाकवायची, हे करू नये. त्या झोताने पृष्ठावरचे रेणू आधीच बिघडतात. प्रयोग संपल्यावर मोजावी, आणि दोन टोकांना वेगवेगळी, कारण पट्ट्या बहुधा निमुळत्या असतात.

सूक्ष्मदर्शकाचा पांढरा दिवा हा दुसरा चोर. त्यातला निळा भाग स्फटिक बसवत असतानाच अभिक्रिया सुरू करतो. बघण्यासाठी ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश वापरावा आणि कॅमेऱ्यापुढेही तसाच फिल्टर लावावा. अँथ्रासीनचे निळे प्रतिदीपन पट्टीच्या कडा धूसर करते; ते याच फिल्टरने कापले जाते.

चिकटवायला अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा गोंद वापरणे म्हणजे हाताने संकट ओढवणे. प्रयोगाच्या प्रकाशात तो आणखी आखडतो आणि पट्टीचे मूळच फिरवतो. दोन घटकांचा इपॉक्सी रात्रभर सुकवलेला बरा. वक्रता काढताना गोंदाजवळचे पहिले ५० मायक्रोमीटर सोडून द्यावेत. गुरुत्वाची मात्र काळजी नको: एवढ्या पट्टीचे टोक स्वतःच्या वजनाने १४-१५ नॅनोमीटर झुकते, प्रकाशाने शंभराहून अधिक मायक्रोमीटर.

वाकता वाकता पट्टी प्रकाशाला तिरपी होते, हे ३६५ च्या प्रयोगात विशेष भोवते. कमाल क्षणी टोकाचा कोन ७७ अंशांपर्यंत जातो, म्हणजे तिथे पृष्ठावर सरळ पडणाऱ्या प्रकाशाच्या २२ टक्केच पोचतो. टोकाची मात्रा मागे राहते आणि पट्टीचा आकार वर्तुळाचा राहत नाही. सगळ्या पट्टीला एकच वर्तुळ बसवले तर कमाल वेळ उशिरा दिसते. म्हणून लांबीचे दहा-बारा तुकडे करून प्रत्येकाला त्याच्या तत्कालीन कोनानुसार मात्रा द्यावी, किंवा निदान बुडाजवळच्या तिसऱ्या भागाचीच वक्रता घ्यावी. ४०५ च्या प्रयोगात टोक २४-२५ अंशच वळते. तिथे ही चूक ९ टक्क्यांच्या आत राहते.

भेगांचेही असेच. सुरुवातीला बदललेली पातळ कातडी पूर्ण ताणाखाली असते. मापांक १० गिगापास्कल धरला तर ०.६ टक्क्यांना तो ताण ६० मेगापास्कल होतो. तरीही भेग पहिल्या सेकंदाला पडत नाही, कारण इतक्या पातळ थरात साठलेली ऊर्जा नवे पृष्ठ उघडायला पुरत नाही. थर जाड होत गेला की ती पुरू लागते. आलेखात भेग ओळखू येते ती अशी: वक्रता एका फ्रेममध्ये पायरीसारखी घसरते आणि मग नव्या पातळीवरून पुढे चालू राहते. अशा पायरीनंतरची नोंद फिटिंगमध्ये घेऊ नये. ४०५ च्या सौम्य उतारात हा धोका बराच कमी, आणि केवळ आकुंचन मोजायचे असेल तर तीच तरंगलांबी निवडावी, वाक कमी दिसला तरी.

पट्टी वाकण्याबरोबर पिळत असेल तर आकुंचनाचे मुख्य अक्ष पट्टीच्या लांबीशी जुळत नाहीत. मग एक्स-रेने स्फटिकाचे फलक ओळखून विकृतीचा (आकारबदलाचा) तिरका घटक मॉडेलमध्ये घ्यावा लागतो. एकट्या वक्रतेवर काम भागत नाही. रुंद पट्ट्यांबाबतही एक तपासणी करावी: रुंदीचा वर्ग गुणिले वक्रता भागिले जाडी. हा आकडा १ पेक्षा बराच मोठा असेल तर आडवा वाक दबतो आणि आडव्या दिशेचे आकुंचनही लांबीच्या वक्रतेत मिसळते. ३० मायक्रोमीटर रुंदीला, कमाल वाकातही, तो अर्ध्याच्या आसपास राहतो.

उलट बाजूने प्रकाश

दोन्ही आलेखांना एकच आकुंचन लागू पडले, तरी मॉडेल तेवढ्याने सिद्ध होत नाही. शोषण-खोली प्रत्येकी वेगळी बसवलेली आहे. म्हणून नवा एकही अंक न बसवता एक भाकीत तपासता येते. ४०५ ची नवी पट्टी घ्यावी, कमाल वाकापर्यंत म्हणजे ४७७ सेकंद पुढून उजळावी, मग तीच तीव्रता तेवढाच वेळ मागून द्यावी. पुढूनच प्रकाश चालू ठेवला असता तर ६१ टक्के वक्रता उरली असती. मागून दिला तर मॉडेलप्रमाणे १५ टक्के उरते. आणि कितीही वेळ मागून प्रकाश दिला तरी पट्टी सरळ होते, पण उलट दिशेला वाकत नाही, कारण कोरे उरलेले रेणू शेवटपर्यंत मागच्या बाजूलाच जास्त असतात. उलट वाक दिसलाच, तर आकुंचन रूपांतराच्या प्रमाणात होते हे गृहीतक आधी तपासावे: बहुधा डायमरची वेगळी प्रावस्था (फेज) मध्येच कुठेतरी एकदम सुटी होत असते.

डायअरिलइथीनच्या स्फटिकांना हे सारे जसेच्या तसे लावू नये. २००७ मध्ये कोबाताके, इरिए आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये ज्यांचे झपाट्याने होणारे आकारबदल दाखवले ते हे स्फटिक. त्यांच्यात प्रकाशाने बनलेले रंगीत रूप अतिनील प्रकाशही शोषते. तिथे पृष्ठ पारदर्शक होत नाही, आतला भाग झाकलेलाच राहतो, आणि पट्टी कमाल वाकून तशीच थांबू शकते. दुप्पट वेळेची खूण तिथे निरुपयोगी. थरांचा हिशोब दोन शोषकांसह पहिल्यापासून करावा लागतो, आणि सरळ करण्यासाठी दृश्य प्रकाशाचा वेगळा दिवा.